राणीच्या कानामागची खाच

नाशिक जिल्ह्यात आजवर अशी एकही वस्तू तयार झालेली नाही, जी माझ्या साडूंच्या हातून पहिल्या फेरीत पास झाली. जिल्ह्याबाहेरचीही झाली नसावी, पण तो दावा मी करत नाही; त्यांना तो मोघम वाटेल आणि ते पुरावा मागतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म इन्स्पेक्शन खात्यात काढला. पास मालाला हिरवं लेबल आणि नापास मालाला लाल, अशी तिथली पद्धत. निरोपसमारंभात त्यांचे एक सहकारी म्हणाले, की ह्यांनी लाल लेबलांचे किती गठ्ठे संपवले त्याला गणती नाही, पण रुजू होताना दिलेला हिरव्या लेबलांचा पहिला गठ्ठा अजून चालू आहे. सगळे पोट धरून हसले. दाजी हसले नाहीत. सत्काराचा नारळ कानाशी धरून ते आतलं पाणी ऐकत होते.

त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मंगलाष्टकं चालू होती, मी अंतरपाटाच्या अलीकडे घामाघूम उभा होतो आणि मागून कोणीतरी माझ्या कानात म्हणालं, "साडूभाऊ, मुंडावळी डावीकडे अर्धा इंच जास्त आहे." मी ती सरळ करायला गेलो. म्हणून आमच्या लग्नाच्या मुख्य फोटोत बायको लाजते आहे आणि मी डोकं दुखत असल्यासारखा कपाळाला हात लावून उभा आहे. त्यानंतर ते आमच्याकडे जेव्हा जेव्हा आले, तेव्हा घरातली एक तरी वस्तू उतरलेल्या तोंडाने मागे राहिली. पिंपळगावहून त्यांच्या मावसभावाने प्रेमाने द्राक्षांची पेटी पाठवली, तर ह्यांनी खिशातून व्हर्नियर काढून मणी मोजले आणि मावसभावाला फोन लावला, "अठरा मिलिमीटर म्हणाला होतास, सोळा भरतात." मावसभावाने पुढच्या वर्षीपासून पेटी आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. मी जे येईल ते गोड मानून घेणारा माणूस आहे. "चालतंय की" हे माझं पालुपद, आणि ते ऐकलं की दाजींच्या चेहऱ्यावर दाढ ठणकल्यासारखी कळ उठते. "चालतंय म्हणणाऱ्यांनीच ह्या देशाचे नट ढिले ठेवले," असं ते एकदा म्हणाले, आणि बोलता बोलता माझ्या स्कूटरचा आरसा घट्ट करून दिला.

असा माणूस निवृत्तीनंतर ऑनलाइन खरेदी करायला लागला म्हटल्यावर कुरियरवाल्यांची काय दशा झाली असेल याची कल्पना करावी. त्यातून त्यांनी विकत काय घ्यावं, तर ग्रेड केलेली चांदीची नाणी. हा प्रकार मलाही नवीन होता. एखादी कंपनी जुनं नाणं तपासते, खरं असल्याची ग्वाही देते, सत्तरपैकी गुण देते आणि कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून वर लेबल लावते. डबी उघडली की ग्वाही संपली. म्हणजे इन्स्पेक्शन आधीच झालेला माल. त्याचं पुन्हा इन्स्पेक्शन करायची संधी दाजी सोडतील हे शक्यच नव्हतं.

त्यांना हवा होता राणीछाप रुपया. पहिला आला, त्याच्या डबीच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर होती. परत. दुसऱ्याच्या लेबलावरचा नंबर त्यांनी कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, तर तिथे भलत्याच नाण्याचा फोटो निघाला. परत, सोबत तीन पानी पत्र आणि आकृती. तिसरा रुपया कोणीतरी घासूनपुसून चकचकीत केलेला होता आणि तरीही कंपनीने त्याला भरघोस गुण दिले होते. त्या कंपनीच्या तपासनिसाबद्दल दाजी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात सौम्य वाक्य "ह्याला मी कँटीनचे पेलेसुद्धा तपासायला दिले नसते" हे होतं. इथवर सगळं त्यांच्या स्वभावाला धरून होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग एक दिवस ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझी मेहुणी.

"सुधीरराव, तुमच्या दाजींचं काहीतरी बिघडलंय. काल आलेला रुपया परत पाठवला."

"मग त्यात नवीन काय, ताई?"

"कारण काय सांगितलं माहितीये? म्हणे, नाणं फार छान आहे! एवढा संसार झाला, ह्या माणसाच्या तोंडून 'छान' हा शब्द मी ऐकला नव्हता. मला तर भीतीच वाटायला लागलीय. इकडे पल्लवीच्या मुलीचं बारसं तोंडावर आलंय, आईच्या रुपयाचे वाळे करायला टाकायचेत, आणि हे रोज म्हणतात, थांब, एवढ्यात नको."

हा आईचा रुपया म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या सासूबाई पंचवटीत दीड खोलीत राहायच्या. यजमान लवकर गेले, आणि पापड-कुरडया करून त्यांनी दोन मुली वाढवल्या. लग्नात देण्यासारखं काही नव्हतं; पाठवणीच्या वेळी दोघींच्या ओटीत त्यांनी एकेक राणीछाप रुपया घातला, एवढंच. ताईंचा रुपया त्यांच्या देवघरात आहे, माझ्या बायकोचा आमच्या देवघरात. दर लक्ष्मीपूजनाला तो दुधाने धुवायचा, हळदकुंकू लावायचं, पुन्हा डबीत. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचं म्हणून दोन्ही घरांत एवढंच उरलं आहे. पल्लवी ही ताईंची लेक; तिच्या मुलीच्या पायात आजीच्या आईचा आशीर्वाद वाजावा, असं ताईंच्या मनाने घेतलं होतं, आणि ताईंच्या मनाने एकदा घेतलं की दाजींचं इन्स्पेक्शनही चालत नाही.

मी गेलो तेव्हा ताई पल्लवीकडे गेल्या होत्या आणि दाजी फोनवर होते. पलीकडे ग्राहकसेवेतली कोणी मुलगी असावी.

"सर, प्रॉब्लेम क्या है?"

"सिक्का बहुत अच्छा है."

"थँक यू, सर."

"थँक यू मत बोलो. इसीलिए वापस करना है. वो यादी में लिखा है, टूटा हुआ, गलत आया, नकली है. अच्छा है ऐसा रकानाच नहीं है. मैं क्या दाबूं?"

मुलीने त्यांना बराच वेळ संगीत ऐकवलं. डॉक्टर कोणता गाठावा याचा मी विचार करू लागलो. फोन ठेवून दाजी म्हणाले, "साठ गुणांचा पाठवतात. मला पस्तीसच्या आसपासचा हवा. झिजलेला. एक मिळालाय म्हणा. दार लावून घ्या."

ते मला गॅलरीत घेऊन गेले. कठड्याजवळच्या छोट्या टेबलावर वस्तू घट्ट पकडायचा त्यांचा शेगडा होता, कानस होती, घड्याळजीचं भिंग होतं. वर्तमानपत्रावर एक फोडलेली पारदर्शक डबी पडली होती. शेजारी रुमालावर दोन रुपये. दोन्हींवर तीच राणी, तेच साल, सारखीच झिजलेली.

"हा सासूबाईंचा," डावीकडे बोट दाखवून दाजी म्हणाले.

"आणि हा?"

"हा खरा."

मला समजायला वेळ लागला. दाजींनी डावा रुपया बोटाच्या टोकावर तोलून त्याला टिचकी मारली. टप्प असा बसका आवाज आला. उजव्याला मारली, तर तो गॅलरीभर गुणगुणत राहिला.

"आमच्या पहिल्या दिवाळीलाच कळलं मला," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यात घालून कंपनीत नेला. लॅबच्या काट्यावर जवळजवळ दोन ग्रॅम कमी भरला. जर्मन सिल्व्हर. चांदीचा वासही नाही."

"आणि तुम्ही ताईंना बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुझ्या आईने दिलेला माल रिजेक्ट?"

"सासूबाईंना ठाऊक होतं?"

दाजींनी भिंग पुसलं. "नसेल. कोणी फसवलं असेल बाईला. किंवा असेलही. खरा कधी औषधपाण्यात गेला असेल, आणि पोरीला रिकाम्या ओटीने कसं पाठवायचं म्हणून... साडूभाऊ, ते इन्स्पेक्शन आपल्या खात्याचं नाही."

म्हणजे ज्या माणसाने माझी मुंडावळी पास केली नाही, त्याने एक खोटा रुपया इतकी वर्षं दर दिवाळीला बायकोच्या शेजारी बसून, हात जोडून पास केला होता. आता तो सराफाच्या कसोटीवर गेला, की दगड एका क्षणात बोलणार होता, तेही ताईंच्या समोर. म्हणून हा सगळा खटाटोप. एक खोटा घरात असताना दुसरा खोटा गळ्यात पडायला नको, म्हणून ग्रेड केलेलाच हवा. आणि ताईंना संशय यायला नको, म्हणून झीज तंतोतंत जुळायला हवी. दाजींना कौतुक चालत नाही, म्हणून मी दोन्ही रुपये उलटेपालटे करून पाहिले.

"एकच गोष्ट राहिलीय," ते म्हणाले. "राणीच्या कानामागे खाच. जुन्यावर आहे, आणि तुमची ताई ती दर दिवाळीला बघते. पण माझा हात आता कापतो. तुम्ही मारा."

जन्मभर खाचा शोधलेल्या माणसाने मला खाच पाडायला सांगावी, आणि तीही ग्वाही दिलेल्या मालावर! मी कानस घेतली. दाजी श्वास रोखून शेजारी उभे. दोनदा ओढली. त्यांनी रुपया भिंगाखाली धरला, जुना धरला, पुन्हा नवा धरला.

"किंचित खोल गेली," ते म्हणाले. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "चालेल."

सराफ बाजारात आम्ही तिघे रिक्षाने गेलो. दुकानात ताईंनी रुमालाची गाठ सोडली आणि रुपया तळहातावर घेऊन थबकल्या. "आज जड का लागतोय हो?"

दाजी शांतपणे म्हणाले, "परवापासून हात दुखतोय ना तुझा."

सराफाने रुपया कसोटीवर घासला, उजेडात धरला. "जुनी चांदी आहे, काकू. एक नंबर. आता अशी बघायला मिळत नाही."

"माझ्या आईची आहे," ताई म्हणाल्या. आजूबाजूच्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी वळून पाहावं अशा आवाजात म्हणाल्या. दीड खोलीतल्या, पिठाने हात भरलेल्या बाईची मुलगी त्या भर दुकानात ताठ बसली होती. मी दाजींकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. सराफाच्या काट्यातला पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध नाही, असं म्हणत ते काट्याखाली कागदाची घडी सरकवत होते, आणि ती घडी त्यांना बराच वेळ नीट बसवता येत नव्हती.

बारसं छान झालं. पाळणा दोन अंश कलता होता, पण दाजी ते फक्त मलाच म्हणाले. पोरीने पाय झाडले की वाळे वाजत आणि ताई प्रत्येक बाईला आईचं नाव सांगत. जेवणं झाल्यावर आम्ही दोघे पानं घेऊन बाहेर उभे राहिलो. मी हळूच विचारलं, "तो जुना कुठे टाकलात?"

दाजींनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत ती फोडलेली पारदर्शक डबी होती, कडा चिकटवून पुन्हा बंद केलेली. डबीत सासूबाईंचा रुपया. कंपनीचं लेबल त्यांनी खरवडून काढलं होतं आणि त्या जागी हिरवं लावलं होतं, कारखान्यातलं, कडेने पिवळट पडलेलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं.

"दाजी, आमच्याकडचा?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "तुमच्या पहिल्या दिवाळीला मी आलो होतो. आठवतं?"

"हो. आमचं ताम्हन वाकडं आहे म्हणाला होतात."

"तेव्हाच बघितला होता."

"मग?"

"पास," दाजी म्हणाले, आणि पानवाल्याने चुना कमी लावलाय म्हणून आत निघून गेले.

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पुढे 'पण' न लागता मी पहिल्यांदाच ऐकला. त्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात साखर मोजायचा काटा आहे, देवघरापासून चार पावलांवर. यंदा लक्ष्मीपूजनाला बायकोने रुपया दुधाने धुतला, पदराने टिपला, "आई काय गं तुझं," असं नेहमीसारखं पुटपुटली आणि तबकात ठेवायला माझ्या हातात दिला. मला वाटलं, टिचकी मारायला किती वेळ लागतो. बोटही उचललं होतं मी. मग मी त्याच बोटाने राणीला कुंकू लावलं आणि रुपया तबकात ठेवला, अगदी अलगद, मुळीच वाजू न देता.