संत्रं सोलणारा व्हिलन

एलेनीचा फोन आला तेव्हा मी पोरीला भरवत होते. "बाबा गेले," एवढंच बोलली आणि रडायलाच लागली... मला रडायचीपण भीती, कारण समोर पास्कल भाऊजी, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ.

एलेनीचे बाबा म्हणजे स्ताव्रो अंकल, ग्रीसचे, जन्मभर सिनेमात व्हिलन. इथं मस्कतला, कुरुम भागात, त्यांच्याकडे मी स्वैपाकाला जायचे, पोरीला कडेवर घेऊनच. आमचं दोघांचं इंग्लिश सारखंच मोडकं, म्हणून छान जमायचं. अंकल हीरो व्हायला गेलेले, तर डायरेक्टर म्हणाला, ह्या नाकाला कोण पोरगी देणार? मग स्मगलर झाले, खुनी झाले, आणि दर सिनेमात शेवटी मेले. बाजारात एका म्हातारीनं त्यांना छत्रीनं हाणलेलं, ते हसून सांगायचे, "तेच माझं बक्षीस." आणि भाऊजी मोबाईलवर त्यांचा एक सिनेमा बघून बिल्डिंगभर सांगत सुटले, "राक्षस आहे तो, पोरीला तिथं नेते बघा!"

ह्याच भाऊजींनी माझ्या पोरीचा पासपोर्ट कुलपात ठेवलेला. नवरा लांब वाळवंटात तेलाच्या साईटवर, आणि हे रोज टेबलावर हात आपटणार, "हिला वसईला आईकडे सोडतो, तू फुल टाईम कामाला लाग, खलास!" मी खाली बघत ताटं उचलायचे.

अंकलना सांगितलं तर ते लाकडी मुठीची सुरी घेऊन संत्रं सोलायला बसले. सिनेमात कुणाला मारायच्या आधी ते असंच सोलायचे, खाली न बघता, साल अखंड. म्हणाले, "व्हिलन ओरडत नाही. त्याला बोलू दे, तू सोल. मग एकच वाक्य, हळू."

"पण अंकल, माझे हात कापतात."

"माझेपण कापायचे, म्हणून तर संत्रं घेतलं. हातांना काम दिलं की कॅमेऱ्याला काही दिसत नाही."

मग रोज प्रॅक्टिस. अंकल भाऊजी व्हायचे, टेबल बडवायचे, पोरगी खिदळायची, आणि मधेच ओरडायचे, "कट! तू डोळ्यांनी सॉरी म्हणतेयस!"

अंकलच्या मातीला भाऊजी सगळ्यांत पुढे उभे. एलेनीचा हात धरून, "व्हेरी गुड मॅन." माझ्या अंगाचा नुसता भडका झाला...

पुढच्या शुक्रवारी जेवताना भाऊजी म्हणाले, पोरीचं तिकीट काढतो. मी संत्रं आणि सुरी घेतली. ते बोलत राहिले, मी सोलत राहिले, डोळे त्यांच्यावर. शेवटी त्यांची नजर सुरीवर गेली. "काय गं, सिनेमा चाललाय?"

"भाऊजी, पासपोर्ट आणा. नाहीतर उद्या पोरीला घेऊन एम्बसीच्या दारात बसते."

एक फोड पोरीच्या तोंडात दिली. भाऊजी उठले, आणि... आणला.

अंकलची ती लाकडी मुठीची सुरी एलेनीनं मला दिली, पासपोर्ट तांदळाच्या डब्यात आहे. माफ मी भाऊजींना केलेलं नाही, करणारपण नाही. ते आमच्याचकडे राहतात आणि दर रविवारी पेपरची ही पुरवणी मोबाईलवर वाचतात, म्हणून तर लिहिलं. वाचा, भाऊजी. आजपण संत्री आणलीत.