सही न करणारी आई

सानिकाच्या रीडिंग लॉगमध्ये सहीचा रकाना कोरा होता. एका दिवसाचा नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चारही महिन्यांचा.

मार्च उजाडला होता आणि आम्ही नववीचे इंटर्नल, म्हणजे शाळेनेच द्यायचे मार्क भरत होतो. बोरिवलीच्या त्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजीची एचओडी होते, म्हणजे विभागप्रमुख. रीडिंग लॉग ही माझीच कल्पना. मुलांनी रोज घरी वीस मिनिटं इंग्रजी मोठ्याने वाचायचं, काय वाचलं ते तक्त्यात लिहायचं, शेजारी घरच्या मोठ्या माणसाने सही करायची. महिनाअखेर तक्ता शाळेत जमा. याला दहा मार्क.

डिपार्टमेंटची चार पानी पॉलिसीही मीच लिहिलेली. सातवा नियम: सही नाही तर मार्क नाहीत, अपवाद नाही. आदल्या वर्षी कारणं सांगायला आलेल्या पालकांनी माझं डोकं उठवलं होतं, त्याचा सूड मी या वाक्यात घेतला होता. मुलं मला माझ्या माघारी ‘रूलबुक’ म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

"मॅडम, हिने वाचलंच नसणार," वर्गाला इंग्रजी शिकवणारी मीनल म्हणाली. "झीरो टाकू ना?"

पहिल्या सत्रात सानिका काठावर होती. हे दहा गेले की ती इंग्रजीत नापास होणार आणि मे महिन्यात पुन्हा परीक्षेला बसणार. मी तिला बोलावलं.

"सही का नाही गं?"

"आई करत नाही, मॅडम."

"का?"

"तुम्ही तिलाच विचारा ना." एवढं बोलून ती चपलांकडे बघत उभी राहिली.

झीरो देण्याआधी पालकांना बोलवावं, असा नववा नियमही माझाच होता. नाइलाज होता. बोलावलं.

शनिवारी हाफ डे टाकून तिची आई आली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्या औषधांच्या पॅकिंगवर चेकर होत्या. खोका उघडायचा, आतल्या स्ट्रिप मोजायच्या, मगच खोक्यावर सही करायची, हे त्यांचं काम.

"मुलीचे दहा मार्क जातायत. एक सही करायला काय हरकत होती?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मॅडम, सहीच्या रकान्याच्या वर इंग्रजीत काय छापलंय ते मी तिच्याकडून मराठीत करून घेतलं," त्या म्हणाल्या. "पाल्याने अचूक आणि समजून वाचलं याची मी खात्री देते, असं आहे ना? मला इंग्रजी येत नाही. तिने अचूक वाचलं की चुकीचं, मला काय कळणार? न तपासलेल्या खोक्यावर मी सही केली तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

"म्हणजे ती वाचायची?"

"रोज. मी भाजी चिरते, ती समोर बसून वाचते. मग मी विचारते, काय झालं सांग. ती मराठीत सांगते. मला पटलं नाही तर परत वाचायला लावते."

मी लॉगमधली एक नोंद काढली. दीपगृह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट. "ही आठवते?"

त्यांनी अख्खी गोष्ट सांगितली. वर म्हणाल्या, "दिवा बिघडलाय हे त्याने गावाला आधीच सांगायला पाहिजे होतं. अब्रू जाईल म्हणून गप्प बसला. चूक त्याचीच. सानिका म्हणते, नाही. आमचं दोन दिवस भांडण चालू होतं."

वाचून समजणं, त्यावर वाद घालणं, हेच तर आम्ही वर्षभर वर्गात घसा कोरडा करून मागत होतो. आणि ते या घरात भाजी चिरताना होत होतं. मला लाज वाटली.

त्या गेल्यावर मी बाकीचे तक्ते काढले. बेचाळीस मुलांपैकी बहुतेकांच्या घरी महिन्याभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत उरकलेल्या. एका वडिलांनी तर एकतीस नोव्हेंबरलाही सही ठोकली होती. त्यांच्या चिरंजीवांना दहापैकी दहा.

तक्ते घेऊन मी प्रिन्सिपल सरांकडे गेले आणि सातवा नियम बदलायचाय म्हणाले.

"रूल तुमचाच ना मॅडम? आता एकीसाठी बदललात तर उद्या दाराशी रांग लागेल."

"सर, हे पालक बघा ना! एकतीस नोव्हेंबर!"

सरांनी तो तक्ता बघितला, मग सानिकाचा. खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि ही सही कोणाची?"

महिनाअखेर गठ्ठा यायचा आणि मी प्रत्येक तक्त्यावर ‘चेक्ड’ लिहून सही करायचे. सानिकाच्या कोऱ्या रकान्याखाली चार वेळा ‘चेक्ड’. एकतीस नोव्हेंबरखालीही ‘चेक्ड’.

"माझी," मी म्हणाले.

सर हसले. "मग बदला. पण सगळ्यांसाठी."

तसंच केलं. प्रत्येक मुलाच्या लॉगमधली एक नोंद आम्ही निवडायची, त्याने वर्गात उभं राहून तीन मिनिटं ती गोष्ट सांगायची. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल.

"मॅडम, वाट लागेल, मार्क शुक्रवारी द्यायचेत," मीनल कुरकुरली, पण मग स्वतःचे तीन ऑफ पीरियड तिनेच दिले. एकतीस नोव्हेंबरवाल्याला तीन मार्क पडले. त्याचे वडील तावातावाने आले, तेव्हा मी तक्ता पुढे केला. त्यांनी तारीख वाचली आणि ते पोराला घेऊन गेले.

सानिकाने दीपगृह सांगितलं. काळांचा गोंधळ होता, अडखळत होती, पण थांबली नाही. शेवटी म्हणाली, "माय मदर सेज ही इज राँग. आय डोन्ट ॲग्री." वर्गाने टाळ्या वाजवल्या. आठ मार्क. ती पास झाली.

जूनमध्ये नव्या तक्त्यावर मी मराठीत आणि इंग्रजीत एकच वाक्य छापलं: आज मी ऐकलं. पालकसभेत सानिकाच्या आईने ते वाचलं, मग उलटून मागची बाजूही बघितली. मागे काही नव्हतं.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "आज घरी वाचून झालं की करते सही."

मी पुढे दोन वर्षांनी निवृत्त झाले. तोपर्यंत महिनाअखेरचा गठ्ठा संपवायला मला दहा मिनिटांऐवजी दोन दिवस लागायचे.