माझ्या कार्डावर व्याही

आमच्या जालन्यात शहर बस सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ ते कार्ड आलं. रोख पैसे बंद. आधी खिडकीवर जाऊन कार्ड काढायचं, त्यात पैसे भरायचे, मग बसच्या दारातल्या मशीनला ते टेकवायचं. टुंग वाजलं तर तुम्ही प्रवासी. नाही वाजलं तर तुम्ही कोणीच नाही.

ते कार्ड काढायला मी इतका वेळ रांगेत उभा होतो, की माझ्या पुढच्या पोराला तेवढ्यात मिसरूड फुटलं. मी सहसा वाढवून सांगत नाही, कोणालाही विचारा. बरं, पैसे भरले तरी ते लगेच कार्डात जात नाहीत. खिडकीवरचा म्हणाला, "काका, पैसे सध्या वर हायेत. मशीनला कार्ड लावलं की उतरतील." म्हणजे माझ्या घामाचे पैसे जालन्याच्या आभाळात घिरट्या घालणार, आणि मी खाली तोंड वर करून फिरणार. घारी त्यांना वाट देत होत्या, मी डोळ्यांनी पाहिलंय.

तरीही गावभर मी त्या बसचं कौतुक करत सुटलो होतो, आणि त्याला कारण होतं. माझ्या लेकीला एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी लागत होती, बी किती उगवतं ते तपासायची. जावई लोखंडाच्या कारखान्यात. त्याची पाळी रोज वेगळी, मोटारसायकल तोच नेणार. शहागडला राहणारे तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, नोकरीला नाही म्हणत नव्हते. ते फक्त विचारत होते, "पण जाईल कशी?" ह्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय लेक होकार कळवणार नव्हती, आणि कंपनी सोमवारच्या पुढे थांबणार नव्हती.

मी फोनवर व्याह्यांना सांगितलं, की बसमध्ये भरलेली बशी हातात धरून बसा, थेंब सांडणार नाही. कार्ड तर खिशातून नुसतं डोकावलं तरी मशीन नमस्कार करतं.

"मंग दाखवा," व्याही म्हणाले, आणि शनिवारी येऊन उतरले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, हातात मोसंब्यांची पिशवी.

बस आली. चढताना त्यांची पिशवी मी घेतली. आता तुम्हीच सांगा, पाहुणा सोबत असताना आपल्याकडे कोणी आधी स्वतःचं तिकीट काढतं का? पहिलं ताट पाहुण्याचं, पहिला चहा पाहुण्याचा. मी व्याह्यांना पुढे केलं आणि त्यांच्यासाठी कार्ड टेकवलं. टुंग. व्याही खिडकीजवळ जाऊन बसले. मग मी स्वतःसाठी टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. लाल. सदऱ्याला पुसून टेकवलं. लाल.

कंडक्टर बाई म्हणाली, "काका, हे कार्ड आत बसलं."

"अहो ताई, मी तर दारात उभा हाये."

"मशीनच्या हिशोबानं तुम्ही बसमधी हाव. ते काय, खिडकीपाशी." तिनं व्याह्यांकडे बोट केलं.

"ते माझे इवाई हायेत."

"असतील. एका कार्डावर एकच माणूस. मशीनला सोयरीक कळत न्हाई."

मी नोट काढली. तिनं हात मागे घेतला. रोख घ्यायला तिच्याकडे पेटीच नव्हती. बसमधल्या लोकांकडे आशेनं पाहिलं, तर सगळे आपापल्या कार्डावर आधीच बसलेले. मागच्या सीटवरून एक जण म्हणाला, "काका, इवायाला मांडीवर घ्या. लेकराचं तिकीट लागत न्हाई." अख्खी बस हसली. ड्रायव्हरनं हॉर्न असा दाबला की पार तिकडे लांब परतूरच्या स्टेशनात लोक गाडी आली म्हणून उठून उभे राहिले असतील.

व्याही उठले. "मी उतरतो, पाव्हणे."

"तुम्ही कसे उतरता? तुम्ही आमच्याकडं आलेले."

"मंग दोघं बी उतरू. सरळ रिक्षा करू."

इथेच माझा पाय अडकला. दोघं उतरून रिक्षा केली असती, तर पोरीनं रोज जायचं कसं ह्याचं उत्तर मी माझ्याच हातानं दिलं असतं, आणि नोकरी तिथंच संपली असती. मी व्याह्यांना खांद्यांना धरून परत बसवलं, कार्ड त्यांच्या मुठीत कोंबलं. "कंपनीजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी उतरा, उतरताना हे टेकवा, मी आलोच," म्हणालो आणि खाली उडी मारली.

दार लागलं. माझ्या नावानं व्याही निघाले आणि मी बिननावाचा रस्त्यावर. खिडकीतून ते माझ्याकडे असे बघत होते, जसा बाजारात विकलेला बैल मालकाकडे बघतो.

मला सळयांचा एक टेम्पो मिळाला. तो इतका सावकाश चालला होता, की बरोबर धावणारं कुत्रं कंटाळून पुढे निघून गेलं. पाण्याच्या टाकीपाशी ते मला भेटलं, झोप काढून उठलं होतं. व्याही मात्र भेटले नाहीत. फोन लावला, तर तो माझ्याच हातातल्या पिशवीत, मोसंब्यांखाली वाजला.

मी थांब्यावर बसून त्या मशीनला, तिच्या बनवणाऱ्याला आणि आभाळातल्या पैशांना नाही नाही ते बोललो. शहागडचा माणूस माझ्या भरवशावर आलेला, आणि मी त्याला हरवून बसलो होतो. आता लेकीच्या सासरी कोणत्या तोंडानं बोलणार?

बऱ्याच वेळानं तीच बस परत आली. व्याही त्याच खिडकीत, आजूबाजूला कारखान्यातून सुटलेल्या बाया, आणि व्याह्यांच्या हातात कुणीतरी दिलेले फुटाणे. उतरताना त्यांनी ऐटीत कार्ड टेकवलं. लाल.

"पूर्ण फेरी मारली त्यांनी," कंडक्टर बाई मला म्हणाली. "कार्ड खाली झालं, काका."

"तुम्ही इथं उतरले का न्हाई?" मी व्याह्यांना विचारलं.

"उतराय लागलो होतो. ह्या बाया म्हणल्या, बसा बाबा, सुटीच्या वक्ताला बस कशी राहते ते बघून जा. बघितलं. पंधरावीस जणी रोज संगं येतात, संगं जातात. जागा धरतात एकमेकीची." त्यांनी फुटाणे माझ्यासमोर धरले. "पोरीला धाडा सोमवारी. पण कार्ड तिचं तिच्या नावानं काढा. तुमच्या कार्डावर एक जण बसला की दुसरा रस्त्यावर येतो."

जिंकलो होतो, तरी हातात रिकामं कार्ड होतं आणि परतीला शेवटी रिक्षाच करावी लागली. दारात रिक्षा थांबली. मी एका हातानं मोसंबी सांभाळत दुसऱ्या हातानं पाकीट चाचपतोय, तोवर व्याह्यांनी रिक्षावाल्याला पैसे दिले सुद्धा. माझे पाहुणे, माझ्या दारात, माझं भाडं.

लेकीची नोकरी बराबर चालू आहे. तिचं कार्ड पहिल्या फटक्याला टुंग वाजतं. व्याही अजूनही आले की मला विचारतात, "काय पाव्हणे, आज कोण बसतंय?"