बाने मारलेली गाठ

नामदेवा, मी अकोला सोडलं त्या सकाळी तू लहान होतास, आजीजवळ झोपलेला. म्हणून तुला ठाऊक नसेल की बंडीत चढून मी दोनदा खाली उतरलो होतो. एकदा पाणी प्यायचं म्हणून आणि एकदा वहाणा राहिल्या म्हणून. वहाणा पायातच होत्या. मायने त्या पाहिल्या, पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "जातं त जाय ना बापा, बैलं खोळंबले."

तेव्हा अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आपल्या कापसाच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले होते. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. अशा दिवसांत कापूस सोडून मुंबईला डाक्तरी शिकायला निघालेला मी म्हणजे बाजाराच्या लेखी वेडाच. देवी टोचायला आलेल्या डाक्तराच्या मागे मी चार दिवस त्याची पेटी धरून हिंडलो होतो, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. जायचं होतं, हे खरं. पण भीती त्याहून मोठी होती.

भीतीचं कारण माझ्या दाखल्यांत होतं. चार वर्षांचे चार कागद. पहिला नंबर, नापास, पुन्हा पहिला नंबर, पुन्हा नापास. मास्तरांनी लेखी परीक्षा घेतली की मी वर्गात पहिला. शाळा तपासायला डिपोटी साहेब आले आणि उभं करून तोंडी विचारू लागले की माझी जीभ टाळूला चिकटायची. येत असलेलं उत्तर पोटातच राहायचं. मुंबईच्या वैद्यकीय शाळेत मराठीतून शिकवण्याचा वर्ग होता, पण त्यात घेण्याआधी साहेब समोर बसवून तोंडी विचारतो असं कळलं. त्या दिवसापासून माझं जेवण सुटलं.

आता तू आपल्या बाचंच काम करतोस, तुला काय सांगायचं. पण लिहिताना मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसतं. आडत्याकडे आलेल्या प्रत्येक गाठोड्यात बा कोपरापर्यंत हात घालायचा आणि पोटातला कापूस ओढून काढायचा. वर पांढराशुभ्र माल आणि आत किडका, कवडी झालेला, नाहीतर पाणी मारलेला कापूस, हे त्या दिवसांत घरोघरी चालू होतं. तपासून झालं की बा त्यावर स्वतःची गाठ मारायचा, दुहेरी, उलट्या पिळाची. ती गाठ दिसली की पुढे कोणी हात घालत नसे.

माझे दाखलेही त्याने तसेच बांधले. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांना विचारून नापासाचे दोन वर ठेवले आणि पहिल्या नंबराचे दोन खाली. मी म्हटलं, बा, हे उलटं झालं. तो म्हणाला, "चांगलं आधी दिसलं त मानूस खराब शोधते. खराब आधी दिसलं त चांगलं शोधते. मी इतके वर्सं काय करून राह्यलो मंग?" मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून त्याने गाठ मारली.

रेल्वे तेव्हा अकोल्याला आली नव्हती. बंड्यांबरोबर खानदेशात रूळ होते तिथवर गेलो. तिथे भर दुपारी, गाडीची वाट पाहत कापसाच्या ढिगाला टेकून बसलो असताना, मी बाची गाठ सोडली. चांगले दोन वर घेतले, नापासाचे खाली सरकवले. मग तशी गाठ मारायला गेलो तर पीळ काही बसेना. तीनदा बांधली, तीनदा सुटली. शेवटी साधी गाठ मारली आणि गाडीत बसलो. बापाचं न ऐकता केलेलं ते माझं पहिलं काम, तेही भीतीपोटी.

मुंबईत साहेब डाक्तर आणि शेजारी पुण्याकडचा एक मुनशी, असे दोघे बसले होते. साहेबाने वरचा कागद पाहिला, मान हलवली, आणि मग गठ्ठ्यात खाली बोट घालून नेमका तळचा ओढून काढला. मुनशी म्हणाला, "हे लपवून ठेवलं होतंस काय?"

मुनशीने पुन्हा विचारलं. आता परत बंडीत बसून जायचं आणि बाजारात तोंड दाखवायचं, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

"साहेब, मले भेव लागते," मी म्हणालो.

मुनशीला माझ्या बोलीचं हसू आलं. साहेबाने विचारलं, कधी लागतं? मी म्हटलं, "आत्ताई लागून राह्यलं." आणि मग बांध फुटावा तसं सगळंच सांगून टाकलं. तोंडी परीक्षा, डिपोटी, बाचं काम, बाने कागद कसे ठेवले होते आणि मी ते कसे बदलले. मुनशी भाषांतर करता करता दमला. बरंच बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी साहेबासमोर बोलतो आहे.

साहेब काहीतरी म्हणाला. मुनशीने सांगितलं, "बापाचं ऐकायला हवं होतंस, असं म्हणतात. तीन महिने वर्गात बसवून पाहू. सोमवारी ये."

ते तीन महिने मी रोज भीत काढले, पण टिकलो.

रजेवर पहिल्यांदा आलो तोवर रेल्वे अकोल्याला पोचली होती, लढाई संपली होती आणि भाव पार बसले होते. शेंब्या सोनाराकडे गेल्या होत्या. बाने माझ्या ट्रंकेतून दाखल्यांची गुंडाळी काढली आणि नुसती गाठ पाहिली.

"हे गाठ माही नोहे," तो म्हणाला. "हात घातला न त्यानं?"

"घातला."

"मंग?"

"खरं सांगितलं."

"मंग झालं त." त्याने कागद मास्तरांकडून पुन्हा ओळखून आणले, आपल्या मनासारखे लावले आणि आपली गाठ मारून माझ्या हाती दिले.

आज वॉर्डात फिरताना रोगी दुखरा पाय पांघरुणात ठेवतो आणि धड असलेला पुढे करतो. मी काही न विचारता पांघरुणाखाली हात घालतो. माझी भीती गेलेली नाही. त्यांची मात्र हाताला लगेच कळते.

बा गेल्याचं तू कळवलंस आणि विचारलंस, मुंबईत बिऱ्हाड केलं, आता इकडे तुझं काय राह्यलं? त्याचं उत्तर हे की बढतीसाठी इस्पितळाचा कारकून जुने दाखले मागतो आहे. दोनदा मागितले, दोनदा मी विसरलो म्हणून सांगितलं. गुंडाळी माझ्या ट्रंकेतच आहे. सोडायला हात धजत नाही. एकदा सुटली की ती गाठ मला पुन्हा मारता येणार नाही.

तुला ती येते का रे? येत असेल तर लिही. मी गुंडाळी घेऊन अकोल्याला येतो. तू समोर बस, मग सोडतो.