माझ्या प्रोफाइलमधून पुसलेली बाळंतपणं

भिंतीवर माझं तोंड. पलंगाच्या चादरीएवढं. कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचे तीन ठिपके, सगळं लख्ख. समोर आम्ही पंधरा-सोळा सिस्टर बसलेल्या आणि पडद्याजवळ मुंबईहून आलेल्या ट्रेनर मॅडम. त्यांनी सगळ्यांना विचारलं, "या फोटोत काय चुकलंय?"

मग मागं एक जण फिसकन हसली आणि तिच्यामागून बाकीच्या. मी पहिल्याच रांगेत होते. कुठं बघावं कळेना म्हणून स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले.

"रिक्रूटर फोटोवर नुसती नजर टाकतो," मॅडम म्हणाल्या. "त्याला नर्स दिसली पाहिजे. जत्रा नाही."

आणि त्यांनी ते गोंदण पुसलं. मोबाइलवर, एका बोटानं. जाता जाता रंगही दोन छटा उजळला. आम्ही ठाकर आदिवासी. मी सात वर्षांची असताना आयनं मला मांडीत दाबून धरून ते गोंदवून घेतलं होतं. मेल्यावर माणसाबरोबर एवढंच जातं, असं ती म्हणते. इथं ते जिवंतपणीच गेलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट कर्जतमधल्या एका खाजगी हॉस्पिटलातली. कारभार मालकांच्या सूनबाईंकडं. आम्ही त्यांना धाकट्या मॅडम म्हणायचो. स्वतः दातांच्या डॉक्टर. त्यांना कामधंद्याच्या वेबसाइटवरचं स्वतःचं प्रोफाइल झकास करून घ्यायचं होतं, म्हणून ही ट्रेनर बोलावली होती. आलीच आहे तर स्टाफचंही करून घ्या, हॉस्पिटलचं नाव होईल, असा हिशेब. नीट प्रोफाइल असलं की मोठ्या हॉस्पिटलांचे लोक स्वतःहून फोन करतात, असं आम्हाला सांगितलं.

मला तो फोन हवा होता. खोटं कशाला बोलू, जीव टाकून हवा होता. मी बाळंतपणं करणारी बाई. इथं येण्याआधी तीन वर्षं याच तालुक्यात, कळंबच्या वरच्या अंगाला, उपकेंद्रात कंत्राटावर होते. रस्ता नसलेल्या वाड्यांतून बायांना बांबूला चादर बांधून झोळीत आणायचे, आणि मी असायचे. कर्जतला आले तर चार वर्षांत लेबर रूमचा उंबरा ओलांडू दिला नाही. पेशंटचे नातेवाईक बिचकतात, असं धाकट्या मॅडम सांगायच्या. कशाला बिचकतात ते त्या बोलायच्या नाहीत, नुसत्या माझ्या कपाळाकडं बघायच्या.

अनुभवाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'वाड्यांवरून झोळीत आणलेल्या बायांची बाळंतपणं केली. एक पायाळू, वाटेतच.' ट्रेनर मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि नाक मुरडलं. डॉक्टर नाही, टेबल नाही, हा काय अनुभव झाला, हे वाचून लोक पळतील, म्हणाल्या. सगळं खोडलं. त्या जागी तीन शब्द घातले, 'ग्रामीण आरोग्य सेवा'. वर ताकीद दिली की फोन आला तर प्रोफाइलमध्ये आहे तेवढंच बोलायचं, एक अक्षर जास्त नाही.

मी मान हलवली. कोणी हात पिरगळला नव्हता. हे लिहिताना त्यांच्यापेक्षा त्या मानेची किळस जास्त येते.

रविवारी वाडीवर गेले तेव्हा आयला मोबाइल दाखवला. ती तांदूळ निवडत होती. हात पुसून तिनं मोबाइल धरला, लांब केला, जवळ आणला.

"ही कोन गं?"

"मीच की, आय."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मोबाइलकडं. "नाय," म्हणाली आणि परत सुपाला लागली.

फोन मात्र आला. पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून. बाई चांगली बोलत होती, अहो-जाहो करत. त्यांची एक गाडी डोंगरातल्या वाड्यांवर जाणार होती, गरोदर बायांसाठी, आणि तिच्यासाठी त्यांना सिस्टर पाहिजे होत्या. तिनं विचारलं, "हॉस्पिटलच्या बाहेर कधी बाळंतपण केलंय का तुम्ही?"

मी जिन्यात उभी होते. समोर येशी दिसली, त्या पायाळू बाळाची आई. उतारावर झोळी टेकवलेली, नवरा तोंड फिरवून उभा, आणि बाळाचे आधी दोन पाय बाहेर. मी चिखलात गुडघे टेकून बसलेले. आज तो पोरगा अंगणवाडीत जातो. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण प्रोफाइलमध्ये नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

बरं, कळवू, म्हणून तिनं फोन ठेवला. ज्या कामासाठी त्यांना माणूस पाहिजे होतं तेच काम मी नाकारलं. स्वतःच्या तोंडानं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आठवड्याभरानं धाकट्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाल्या. चहा मागवला. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या प्रोफाइलवर मी चार चांगल्या ओळी लिहायच्या होत्या, शिफारस म्हणून. "तू लिहिलेलं बरं दिसेल. तू त्यांच्यातली ना," त्या म्हणाल्या. "आणि तुझा तो जुना फोटो दे गं. गोंदणवाला. माझ्या पेजवर छान वाटेल."

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. कशाबद्दल लिहायचं ते कळावं म्हणून. मी वाचलं. 'दुर्गम आदिवासी वाड्यांवरून झोळीत आणलेल्या मातांची बाळंतपणं. एक पायाळू, वाटेतच.' माझी वाक्यं. ट्रेनर मॅडमनी माझ्याकडची खोडलेली, इथं आणून चिकटवलेली. दातांच्या डॉक्टरीणबाई. कळंबला त्या एकदा गेल्या होत्या, रिसॉर्टवर.

माझ्या नावाखाली जी घाण होती, ती यांच्या नावाखाली सेवा झाली. माझ्या तोंडावर जे गोंदण जत्रा होतं, ते यांच्या पानावर शोभा. मी चहाचा कप बाजूला सारला.

"मॅडम, त्या बाईचं नाव काय?"

"कुठल्या बाईचं?"

"जिचं पायाळू बाळ तुम्ही काढलंत तिचं."

त्यांनी हसण्यावारी नेलं. स्टाफचं काम ते हॉस्पिटलचंच काम, नावं काय घेऊन बसतेस, म्हणाल्या. मग आवाज उतरला. "आणि तुला तर ते नकोच होतं ना? तूच काढू दिलंस."

हे खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

"काढू दिलं, ती माझी चूक," मी म्हटलं. "आज परत घालते. शिफारस लिहिणार नाही. फोटो देणार नाही. तुमची ती ओळ संध्याकाळपर्यंत निघाली नाही, तर बाळ कोणी काढलं ते तुमच्याच प्रोफाइलखाली लिहीन. माझ्या नावानं."

त्यांनी माझ्या नोकरीचं काय होईल ते सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि उठले.

ओळ निघाली. महिना भरला तशी नोकरी सोडून मीही निघाले. पनवेलच्या बाईंना मी फोन करून सांगितलं की मी खोटं बोलले होते, का ते पण सांगितलं. निवडलेल्या सिस्टरांची यादी वर गेली आहे, म्हणाल्या. अजून फोन नाही. येईल असं मी धरून चाललेली नाही.

माझ्या प्रोफाइलवर आता माझंच तोंड आहे. झोळी आहे, चिखल आहे, वाडीचं नाव आहे. शेजारच्या वाडीतल्या दोन पोरी नर्सिंगला आहेत. त्यांची प्रोफाइलं मी शेजारी बसून करून घेते. फोटो कसा काढायचा ते नंतर. आधी हातांनी काय काय केलं ते लिही, असं सांगते. एकीनं विचारलं, "ताई, लोक हसतील ना गं?" हसतील, म्हटलं. तू लिही.

आमचं काम आम्ही आमच्या तोंडानं सांगणार. कोणी विचारलं तर, आणि नाही विचारलं तरी.