अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

माझा देवावर विश्वास होता, पण देवाशी मोठमोठ्याने बोलण्यावर नव्हता. माटुंग्याला माझ्या माहेरी संध्याकाळी दिवा लागायचा, हात जोडले जायचे, की संपलं. लग्न होऊन लालबागला आले आणि गाऱ्हाणं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. नवी गाडी असो नाहीतर पुतणीची बारावी असो, माझे सासरे सगळ्यांना उभं करणार, नारळ पुढे ठेवणार आणि मालवणीत देवाला अथपासून इतिपर्यंत सगळी हकिगत ऐकवणार. त्यांचं एकेक वाक्य झालं की बाकीच्यांनी हात जोडून एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. संदेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी चिडवायची, की तुमच्या देवाला एवढं समजावून का सांगावं लागतं रे? तो नुसता हसायचा. मी मागे उभी राहून ओठ हलवायची.

त्या रविवारी सकाळी आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवाचं काम चाललं होतं. संदेश विमा कंपनीत नोकरीला, पण मांडव म्हटलं की त्याला घरात करमत नाही. कमानीसाठी तो उंच स्टुलावर चढून लोखंडी सळया तारेने बांधत होता. मी आणि माझी जाऊ चहा घेऊन खाली आलो, तेवढ्यात स्टूल कलंडलं. तो खाली ठेवलेल्या सळयांवर पडला आणि लोकांनी उचलून बसवला तेव्हा हातभर लांबीची एक सळई त्याच्या उजव्या छातीत रुतलेली होती. शर्टावर रक्त फारसं नव्हतं. तो शुद्धीत होता, माझ्याकडे बघत होता, फक्त श्वास तोकडा झाला होता.

मग एकच गोंधळ उडाला. कोणी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, कोणी पाणी आणायला धावलं आणि चारी बाजूंनी लोक ओरडू लागले, “अरे काढ, काढ ती आधी!” माझे दीर अंगाने दांडगे आणि भावावर जीव टाकणारे. त्यांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी सळई धरली. आमच्या ऑफिसात प्रथमोपचाराचा वर्ग झाला होता, त्यातलं एक वाक्य माझ्या पक्कं लक्षात होतं: अंगात रुतलेली वस्तू ओढायची नाही, जागच्या जागी स्थिर ठेवायची. मी जिवाच्या आकांताने ओरडले, “भावजी, ओढू नका!” त्या कल्लोळात माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? मी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी झटकला. मी बाबांकडे, माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. गल्लीत त्यांचा शब्द कोणी मोडत नाही, पण समोर स्वतःचा मुलगा पाहून त्यांची वाचाच बसली होती.

पुढे जे झालं ते मी ठरवून केलं असं मला म्हणता येणार नाही. माझ्या तोंडून, मला स्वतःला अनोळखी वाटावा अशा आवाजात, शब्द निघाले, “बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या देवा म्हाराजा!” आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुष घालतात. पण ते कोण घालतंय हे त्या क्षणी कोणी पाहिलं नाही. लहानपणापासूनची सवय ती! सगळी गल्ली जागच्या जागी थांबली, सगळ्यांचे हात जोडले गेले आणि आवाज आला, “व्हय म्हाराजा!” त्या जोडलेल्या हातांमध्ये माझ्या दिरांचे दोन हात होते. सळईवरून ते कधी निघाले हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

आता थांबले तर हे हात पुन्हा सळईवर जातील, एवढंच मला कळत होतं. गाऱ्हाणं मला पाठ कुठे होतं? मोडक्यातोडक्या मालवणीत मी रेटत राहिले. “ह्या सळयेक कोणी हात लावूचो नाय, अशी बुद्धी दी रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “तेका आडवो करू नये, टेकान बसवूक होयो रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” माझी जाऊ हुशार. मी गाऱ्हाण्यात टॉवेलचं नाव काढताच वर घराकडे धावली, धुतलेले टॉवेल घेऊन आली आणि सळई हलू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना घड्या करून धरून बसली. आठवतील त्या देवांची नावं संपली तेव्हा मी गल्लीतल्या इमारतींची नावं घेतली, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट मोकळी मागितली, आणि पोरांनी खरोखरच स्कूटर उचलून बाजूला ठेवल्या. सायरन ऐकू आला तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. ते तसंच सोडून मी गाडीत चढले.

परळच्या हॉस्पिटलला पोहोचायच्या आतच संदेशचा श्वास अडला, ओठ निळे पडू लागले. गाडीतल्या डॉक्टरांनी क्षणभरही न घालवता त्याच्या छातीत एक जाड सुई खुपसली. आत कोंडलेली हवा फुस्स करून बाहेर आली आणि त्याने पुन्हा श्वास घेतला. हॉस्पिटलात बरगड्यांमधून नळी घालून ती बाटलीला जोडली, आणि सळई निघाली ती थेट ऑपरेशन थिएटरात. बऱ्याच वेळाने सर्जन बाई बाहेर आल्या. “जिवाचा धोका टळलाय,” त्या म्हणाल्या. “सळईनेच आतली रक्तवाहिनी दाबून धरली होती. बाहेर काढली असती तर इथपर्यंत आलेच नसते. कोणी काढू दिली नाही?” माझे दीर रडत रडत म्हणाले, “आमच्या वहिनीन.” मला त्या क्षणी अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? माझा स्वतःचा वाटला, आणि माझ्या एका हाकेला हात जोडणाऱ्या त्या सगळ्या गल्लीचा त्याहून जास्त.

थिएटरबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्याच एक गोष्ट ध्यानात आली. मी देवाकडे टॉवेल मागितले होते, रस्ता मागितला होता, दुसऱ्यांसाठी बुद्धी मागितली होती. संदेशला वाचव, हे मात्र मागायचं राहूनच गेलं होतं. कोणाला ही सगळी समयसूचकता वाटेल, वाटू दे. मी एवढंच सांगते, की माझ्या हातातलं होतं ते मी केलं, आणि जे माझ्या हातात नव्हतंच ते न मागता पदरात पडलं. तेव्हापासून माझी देवाकडची मागणी फार कमी झाली आहे.

संदेश घरी आला त्या दिवशी बाबांनी देवापुढे नारळ ठेवला, सगळ्यांना उभं केलं आणि स्वतः मागे सरकले. “सूनबाई, तुझा गाऱ्हाणा अर्ध्यार रवला हा. पुरा कर.” मी म्हटलं, “बाबा, तुम्ही असताना मी कशी?” “सुरू कोणी केल्यान? मगे पुरा पण तूच करूक होया.” मी पुढे झाले. खूप शोधलं, पण मागायला काही सापडेना. शेवटी म्हटलं, “बा देवा म्हाराजा, मागणा काय नाय. तू आधीच दिलंस, तां आमका पोचला रे म्हाराजा!”

आणि सगळ्या आवाजांच्या वर, टाके दाबून धरत, छाती भरून, भिंती दणाणतील असा संदेशचा आवाज आला, “व्हय म्हाराजा!”