गायीच्या गळ्यातले काळे दोरे

आमच्या आईशी वाद घालण्यापेक्षा एमआयडीसीत डबल शिफ्ट केलेली परवडते. तांबड्या गायीच्या बाबतीतही मी वाद घातला नाही, आणि तिथेच माती खाल्ली.

आमच्या खरवई गावात घराला आता तीन बाजूंनी बिल्डिंगा आहेत. तिथल्या बायका पोरांना गाय दाखवायला आणायच्या, फोटो काढायच्या, "किती दूध देते हो!" म्हणायच्या. मग दूध आठ लिटरवरून सहावर आलं. "नजर लागली," आईचं निदान तयार! गायीच्या गळ्यात लोकरीचा जाड काळा दोरा आला. दूध पाचावर आलं, दुसरा दोरा आला. चारावर आलं तेव्हा मी कपाळावर हात मारला, कारण तिसऱ्या दोऱ्यात कवड्याही होत्या.

ही गाय आईने वासरू असल्यापासून वाढवलेली. आमच्या गुरांचा व्यवहार बघणाऱ्या मामाने निरोप धाडला, की दूध वाढलं नाही तर मी टेम्पो आणून तिला बाजारात नेतो. तेव्हापासून आईचं जेवणावरचं लक्षच उडालं.

मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कानात, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड दाखवले. "मावशी, हे रक्त पितात. खाजेने गाय धड खात नाही, मग दूध कुठून येणार? अंगावर औषध फवारा, गोठ्याच्या फटींतही फवारा. आणि गळ्यातलं ते काढा."

"ते सोडून बाकी सगळं फवारू," आई म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पत्र्याकडे पाहिलं.

दोरा भिजला तर त्याचा गुण जातो म्हणे! म्हणून फवारणीच्या वेळी आई गायीच्या गळ्याला प्लास्टिकची पिशवी धरून उभी, आणि मी शहाणा ती पिशवी चुकवून पंप मारतोय. अंगावरचे गोचीड गळायचे, काही दिवसांनी पुन्हा हजर. मी औषधाला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, डॉक्टरांनाही सोडलं नाही. दूध साडेतीनवर आलं.

मामा टेम्पो घेऊन येणार त्या दिवशी सकाळी मी कात्री घेतली. आई "नको रे, नको" म्हणत असतानाच तिन्ही दोरे कापले. खाली एरंडाच्या बियांसारखे टम्म फुगलेले गोचीड दाटीने चिकटलेले, आणि कातडी सोलवटून निघालेली.

"बघ!" म्हणायला मी तोंड उघडलं होतं. आईने गायीच्या पाठीवर हात ठेवला. "मीच बांधलं गं बाई," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. इतके दिवस मी सगळ्या जगावर चिडलो होतो. आता स्वतःचीच चीड आली, कारण नेमकी तीच जागा चुकवून मी दोन महिने पंप मारत होतो.

मामाला फोन करून थांबवलं. गळ्याची जखम भरल्यावर तिथेही औषध मारलं, आणि हळूहळू दूध पुन्हा सहावर आलं.

परवा गोठ्यात गेलो तर खांबाला नवा काळा दोरा! मी काही बोलणार तोच आईने पंप माझ्या हातात दिला.

"त्याच्या खालनं पण मार," ती म्हणाली.